आर्ट्‌समधून डी.एल.एड.ला आलेल्यांना विज्ञान शिकवायचंय. काय ठेवू, काय सोडू?

तांब्याभर_पाणी (ऑगस्टचा दुसरा आठवडा)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी एका अध्यापक विद्यालयात मी डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, शिकवते. माझं शिक्षण एम.एस्सी. फिजिक्स, बी.एड. पहिल्या वर्षाला यंदा ३६ जण आहेत, त्यात २९ मुली. बारावी सायन्स केलेले पाच, बाकी सगळे आर्ट्‌सचे. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि बहुतेकांचा विज्ञानाशी संबंध तिथेच संपला. दोन वर्षांनी हेच सगळे तिसरी-चौथी-पाचवीला परिसर अभ्यास शिकवणार. हवा, पाणी, चंद्र, सावली, उष्णता या गोष्टी एखाद्या वाडीवरच्या पोराला पहिल्यांदा यांच्याच तोंडून कळणार.

गेल्या बुधवारी जे झालं ते सविस्तर सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच निघाला आहे.

गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीवर एका छात्राध्यापिकेचा सरावपाठ होता. तिला इथे 'क' म्हणते. घटक हवा. टाचण नेटकं, साहित्य तयार. ताटलीत पाणी, रंग दिसावा म्हणून त्यात कुंकू कालवलेलं, मधोमध मेणबत्ती. पेटवली, वर काचेचा ग्लास उपडा घातला. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं, मुलं हरखली. क ने फळ्यावर लिहिलं, 'ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो.'

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, मेणबत्ती जळत होती तवा पाणी न्हाई चढलं. इझल्यावर चढलं."

क ने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बस खाली. पुढच्या वेळी नीट बघ."

मी मागे निरीक्षण वही घेऊन बसले होते. मुलीने नीटच बघितलं होतं. पाणी हळूहळू चढत गेलं नव्हतं, विझल्यानंतर एकदम चढलं होतं. ऑक्सिजन संपत जाईल तसं पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच चढायला हवं. आणि फळ्यावरचं ते वाक्य क चं नव्हतंच. जुलैमध्ये मीच ते वर्गात लिहून दिलं होतं. मला ते माझ्या शाळेत मिळालं होतं. सहा वर्षं मी ते दरवर्षी लिहून देते आहे.

त्या रात्री स्वयंपाक आवरल्यावर ओट्यावर तोच प्रयोग मांडला. एका मेणबत्तीला पाणी बोटभर चढलं. त्याच ग्लासाखाली वाढदिवसाच्या केकवरच्या तीन मेणबत्त्या एकत्र लावल्या तर बरंच वर गेलं. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच, मग पाणी जास्त का? पुन्हा केलं आणि नजर ग्लासाच्या काठावर ठेवली. ज्योतीवर ग्लास टेकवताना काठाखालून बुडबुडे निघतात. आतली हवा तापते, फुगते, थोडी निसटते. ज्योत गेली की उरलेली हवा निवते, आकसते, जळताना झालेल्या बाष्पाचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. सगळा ऑक्सिजन विझेपर्यंत संपतही नाही, बराच शिल्लक राहतो, आणि जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. शेवटी मेणबत्ती बाजूला ठेवली, ग्लास कढत पाण्याने विसळला आणि तसाच ताटलीत उपडा घातला. पाणी चढलं. थोडं, पण चढलं.

तेव्हापासून माझ्याच शिकवण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते आहे. मी चांगलं समजावून सांगते असं विद्यार्थी म्हणतात. पण परवा चंद्रकलांवर एक न सांगता चाचणी घेतली. 'चंद्र रोज वेगळा का दिसतो?' ३६ पैकी ३१ जणांनी लिहिलं की पृथ्वीची सावली पडते म्हणून. हा घटक महिन्यापूर्वी मी आकृती काढून शिकवला होता. बर्फ घातलेल्या स्टीलच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ते कुठून येतं, तर निम्म्या वर्गाचं उत्तर 'आतून झिरपतं'. 'पदार्थाच्या अवस्था' सुरू करताना पाच पदार्थांची नावं लिहायला सांगितली, तेव्हा कितीतरी वह्यांत शिरा, पोहे, भगर, साबुदाणा होतं. यात त्यांचं काय चुकलं? आपल्या मराठीत पदार्थ म्हणजे खायचा पदार्थ. दुसरा अर्थ पुस्तकाबाहेर कुणी वापरतच नाही, आणि मी तो न सांगता गृहीत धरला.

आता प्रश्न. माझ्याकडे आठवड्याला चार तासिका आहेत, एक जुनाट कपाट आहे आणि खर्चाला जवळजवळ काही नाही. यांना भौतिक विज्ञानातलं थोडंच, पण पक्कं द्यायचं ठरवलं तर तुम्ही काय ठेवाल? आणि वर्गात असा प्रश्न आला की "बस खाली" म्हणू नये, एवढं बळ त्यांच्यात कुठून येतं? शिकवणाऱ्यांनी सांगावंच, पण जे स्वतः घाबरत शिकले त्यांनीही सांगावं.

---

उघडा_व्हरांडा

ताई, पोस्ट दोनदा वाचली. ३३ वर्षं जिल्हा परिषदेत काढली, शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. शे-दीडशे शाळांत मागच्या बाकावर बसलो आहे, त्या अनुभवावरून बोलतो.

तुमच्या चंद्राच्या ३१ जणांपासून सुरू करा. त्यांच्यात संकष्टी करणाऱ्या किती आहेत विचारा. हात वर येतील. मग विचारा, उपास सोडायला किती वाजतात? नऊ, साडेनऊ, कधी दहाच्याही पुढे. आणि पौर्णिमेला चंद्र कधी उगवतो? दिवेलागणीला, सूर्य मावळतो त्या सुमारास. मग तीन-चार दिवसांत तो तीन तास मागे कसा गेला? दररोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं उशीर, हा हिशेब त्या घरातल्या दिनदर्शिकेवरून स्वतः काढतील. शुद्ध चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते, वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री पूर्वेला उगवतो, हेही त्यांना ठाऊक आहे, फक्त ते विज्ञानात धरतात हे ठाऊक नाही. पृथ्वीच्या सावलीवर एकच प्रश्न विचारा. कोर दिसते तेव्हा सूर्य आणि चंद्र आकाशाच्या एकाच बाजूला असतात, मग मधे पृथ्वी आली कुठून?

आणि एक करून बघा. वद्य अष्टमीच्या पुढेमागे सकाळी आठ-नऊला चंद्र पश्चिमेकडे अर्धा दिसतो. सगळ्यांना उन्हात उभं करा, प्रत्येकीच्या हातात एक लिंबू. हात लांब करून लिंबू चंद्राच्या शेजारी धरायचं. लिंबाची उजळ बाजू आणि चंद्राची उजळ बाजू तंतोतंत सारखी दिसते. ज्या शिक्षिकेने हे एकदा पाहिलं तिला आकृती लागत नाही. मी पाचवीच्या पोरांबरोबर केलं, तेव्हा माझं वय ४१ होतं आणि मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

शब्दांचं म्हणाल तर माझा नियम असा: गोष्ट आधी हाताला लागू दे, नाव मागाहून. आपल्याकडे उलटं चालतं. 'संघनन' (बाष्पाचं पाणी होणं) फळ्यावर येतं आणि ग्लास कपाटातच राहतो. त्यात मराठीची आपली एक गंमत आहे. चहाच्या पातेल्यावर पांढरं दिसतं त्याला आपण वाफ म्हणतो, खरं तर ते पाण्याचे बारीक थेंब, खरी वाफ त्याच्याही खाली, पातेल्याला लागून, आणि ती दिसत नाही. जोर, ताकद, शक्ती, बल हे घरात एकच, पुस्तकात वेगवेगळे. वजन आणि वस्तुमानाचं तर विचारूच नका. हे शब्द एकदम दिले की विद्यार्थी पाठ करतो, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नसतो.

ग्लासाच्या झिरपण्याचं उत्तरही त्यांनी हवेतून आणलेलं नाही. घरी माठ आहे. माठ खरोखर झिरपतो, म्हणून तर पाणी गार होतं. त्यांनी माठाचं ज्ञान स्टीलला लावलं. आधी त्यांना तसं सांगा, की तुमचा विचार चांगला आहे. मग विचारा, ग्लासात हळद कालवली तर बाहेरचे थेंब कुठल्या रंगाचे येतील?

काय सोडाल? मी असतो तर अर्धं सोडलं असतं. हवा, पाण्याची रूपं, उष्णता, एक साधं विद्युत परिपथ, चंद्र-सूर्य-सावली. पुरे.

---

तासिका_चाळीस

मॅडम, गुरुजींबद्दल आदर आहे, पण मी अशाच विद्यालयात शिकवतो म्हणून अडचण मांडतो. चाळीस मिनिटांची तासिका. हजेरी, साहित्य मांडणं, आवरणं धरता पंचवीस हातात. त्यात वेळोवेळी निघणारी परिपत्रकं, स्पर्धा, सप्ताह. अर्धा अभ्यासक्रम सोडला तर लेखी परीक्षेला विद्यार्थी काय लिहिणार? नापास झाले तर दोष आपल्यावर. मीही दोन वर्षांपूर्वी प्रयोगांतून शिकवायचं ठरवलं होतं, दिवाळीनंतर निम्मा भाग राहिला आणि जानेवारीत मी नोट्‌स वाटल्या. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण उत्साहाच्या भरात कुणी मॅडमना या वास्तवाशिवाय सल्ला देऊ नये असं मनापासून वाटतं.

---

दुसरं_वर्ष

मी डी.एल.एड. दुसऱ्या वर्षाला आहे, बारावी आर्ट्‌स. घाबरत शिकलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

पहिल्यांदा क बद्दल. तिने त्या मुलीला गप्प केलं ते तिला उत्तर येत नव्हतं म्हणून नाही, तुम्ही मागे बसला होतात म्हणून. सरावपाठाला मागे निरीक्षक असतात, वहीत गुण असतात. वर्गात 'मला माहीत नाही' म्हणणं म्हणजे गुण जाणं असं आम्हाला पक्कं वाटतं. तसं कुणी सांगितलेलं नाही. पण उलट सांगणारंही कुणी भेटलं नाही. तुमच्या निरीक्षण वहीत 'मुलाच्या प्रश्नाचं काय केलं' यासाठी गुण ठेवून बघा.

दुसरं. आम्हाला सगळ्यात जास्त काय लागतं माहितीये? 'अगं, इतकं सोपं आहे.' सोपं असूनही मला येत नाही, म्हणजे मीच कमी, असा त्याचा अर्थ होतो. आठवीत मला कुणीतरी असं म्हणालं होतं, तेव्हापासून विज्ञानाच्या तासाला मी मान खाली घालून बसले. बारावीला भूगोलात मला ८९ होते. नकाशावरून वारे, पाऊस, दाबाचे पट्टे मी कुणालाही समजावून देते. तेही भौतिकशास्त्रच आहे हे मला इथे, दुसऱ्या वर्षाला, एका मॅडमनी सांगितलं. तुमच्या आर्ट्‌सच्या मुलींना भूगोल येतो, स्वयंपाक येतो, शेतातलं येतं. तिथून हात धरा.

टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, मात्र भीती खरी आहे. पेपर एकला १५० प्रश्न, १५० मिनिटं, त्यातले ३० परिसर अभ्यासाचे. तिथे चार पर्यायांतला एकच निवडायचा असतो. पण खरं सांगते, ज्या घटकावर आम्ही हाताने काही केलं त्याचे प्रश्न मला पाठ न करता सुटतात.

---

टेस्टर_खिशात

मी शिक्षक नाही, पॉलिटेक्निक करून इलेक्ट्रिकलचं दुकान चालवतो. बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, त्यामुळे शाळेच्या प्रयोगांचं सामान माझ्याच दुकानातून जातं. विजेच्या घटकाबद्दल सांगतो, कारण तिथे सामान चुकलं तर शिकवणं कितीही चांगलं असो, फसतं.

बल्ब, एक सेल, वायरचा एक तुकडा. एवढंच द्या, होल्डर देऊ नका, आणि 'पेटवा' म्हणा. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्रवाले भावी प्राथमिक शिक्षकांना वर्षानुवर्षं इथूनच वीज शिकवत आले आहेत. बहुतेक लोक बल्बचं बूड सेलवर ठेवतात, वायर बुडाला लावतात आणि म्हणतात बल्ब खराब आहे. बल्बला दोन जागा असतात, बुडाचा ठिपका आणि बाजूची धातूची टोपी, हे शोधायला लागणारी दहा-पंधरा मिनिटंच खरा धडा आहे. पेटवायच्या रीती चार निघतात. चारही काढू द्या.

आता अडचण अशी की गावात टॉर्चचे तारेवाले बल्ब मिळेनासे झालेत. सगळीकडे एलईडी. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास, म्हणजे दीड व्होल्टच्या एका सेलवर तो पेटणारच नाही. शिवाय त्याला उलटसुलट असतं. मुलगी बरोबर जोडेल आणि तरी अंधार. तिचा धीर तिथेच सुटेल. सायकलच्या डायनॅमोचा सहा व्होल्टचाही एका सेलवर मेल्यासारखा दिसतो. दोन सेलच्या जुन्या टॉर्चचा अडीच व्होल्टचा बल्ब शोधा. जिल्ह्याच्या ठिकाणी शाळांना प्रयोगसाहित्य विकणाऱ्यांकडे अजून मिळतो. एलईडीच वापरायचा झाला तर लाल घ्या, दोन पेन्सिल सेल एकामागे एक आणि मधे शंभर ओहमचा रेझिस्टर.

मोटर वाइंडिंगची तार फुकट मिळते म्हणून लोक वापरतात. तिच्यावर वार्निश असतं, टोकं ब्लेडने खरवडल्याशिवाय प्रवाह जात नाही. आणि सेलच्या दोन टोकांना तार थेट लावून धरू नका, चटका बसतो, सेलही उतरतो. मोबाइलची जुनी बॅटरी वर्गात आणू देऊ नका, ती पेट घेऊ शकते. भिंतीतल्या प्लगचं तर नावही नको.

---

उघडा_व्हरांडा

तासिका_चाळीस सरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. परीक्षा बदलल्याशिवाय हे टिकत नाही, हे आपल्या शेजारच्या राज्यानेच दाखवलं आहे. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान सुरू झालं. गावातले साधे शिक्षक, बरेचसे विज्ञान न शिकलेले. मुलांनी करायचे तेच प्रयोग त्यांनी प्रशिक्षणात आधी स्वतः केले. आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडं ठेवून उत्तरं लिहायची आणि प्रयोगालाही गुण. ते जवळजवळ तीस वर्षं, २००२ पर्यंत चाललं, मग सरकारने बंद केलं. बंद झालं याचं दुःख आहेच. पण साध्या शिक्षकाला हे जमत नाही असं मला कुणी सांगितलं की मी ते नाव घेतो.

ताई, अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत ना? तिथून सुरू करा.

आणि उष्णतेसाठी एक देऊन ठेवतो. लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी हात लावून कोणता गार ते विचारा. सगळे तवा म्हणतील. मग दोन्हींवर सारख्या आकाराचे बर्फाचे खडे ठेवायच्या आधी लिहून घ्या, कुठला आधी वितळेल. त्यानंतर कुणी काही बोलायचं नाही, फक्त बघायचं.

---

तांब्याभर_पाणी (सप्टेंबर, गणपती गेल्यावर)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, कारण सांगण्याजोगं काही घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी तासिका_चाळीस सरांना. तुम्ही म्हणालात ती अडचण पहिल्याच आठवड्यात आली. मी प्राचार्यांकडे जाऊन दोन तासिका जोडून मागितल्या, मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे सलग ऐंशी मिनिटं मिळतात. लेखीसाठी जे घटक नुसते वाचून होतात ते गटांना वाटून दिले, त्यांनी वाचायचे आणि एकमेकांना प्रश्न काढून द्यायचे. दिवाळीनंतर काय होईल ते तेव्हा बघू. निरीक्षण वहीत 'मुलांचे प्रश्न' असा रकाना केला, दहापैकी तीन गुण. दुसरं_वर्ष, हा तुझा रकाना आहे.

तांब्या. हे मला सविस्तर सांगायचंय. माठाची गोष्ट मी गुरुजींनी सांगितली तशीच वर्गात बोलले. झिरपतं म्हणणाऱ्या मुलींचे चेहरे बदलले, त्या पुढे सरकून बसल्या. हळदीचं पाणी घातलं, बर्फ घातला, बाहेरचे थेंब रंगहीन आले. मला वाटलं संपलं. पण एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हळद जाड असंल, ती आतच गाळली जात असंल, पाणी तेवढं बाहेर येत असंल." असा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी म्हटलं, मग कसं ठरवायचं? पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही, आणि ही पाच मिनिटं मला फार जड गेली. मग मागून एकाने सांगितलं, वजन करू. पाणी आतून बाहेर आलं असेल तर वजन तेवढंच राहील. दुसरीकडून आलं असेल तर वाढेल.

किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पितळी तांब्यात गार पाणी आणि बर्फ, वर वाटीचं झाकण, थेंब ओघळून जाऊ नयेत म्हणून खाली ताटली. सगळं मिळून १,१४२ ग्रॅम. बाहेर पाऊस होता, हवा दमट. वीस मिनिटांत आकडा ११४५ झाला. तीन ग्रॅम. छत्तीस जण त्या काट्याभोवती उभे होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "हवेत पाणी हाये." मग मी फळ्यावर संघनन हा शब्द लिहिला. तो शब्द त्यांनी वहीत उतरवला, तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे तांब्याकडेच बघत होते.

त्यातूनच पुढचा प्रश्न त्यांनी काढला. हवेत पाणी असतं तर हवेलाही वजन असणार, मग या वर्गातल्या हवेचं किती? वर्ग वीस बाय वीस फूट, उंची दहा. घनमीटरला एक किलोपेक्षा थोडं जास्त असं धरून त्यांनी काढलं, सव्वाशे किलोच्या आसपास. पन्नास किलोच्या दोन ज्वारीच्या पोत्यांपेक्षा जास्त! हा आकडा त्यांनी दोनदा तपासला.

तव्यावरचा बर्फ पोळपाटावरच्या कितीतरी आधी गेला. ३६ पैकी ३३ जणांनी उलटं लिहिलं होतं. 'गार लागणं' म्हणजे हाताची उष्णता भराभर निघून जाणं, ही गोष्ट मी न सांगता निघाली. त्यासाठी दोन तासिका गेल्या. मला त्या गेल्याचं वाईट वाटत नाही.

टेस्टर_खिशात भाऊ, अडीच व्होल्टचे बल्ब मिळाले, बारा आणले. पहिल्या दहा मिनिटांत चौघींचाच पेटला. बारावी सायन्सच्या पाचांपैकी एकाचाही नाही, त्यांनी आधी आकृती काढली होती आणि आकृतीत बल्ब म्हणजे गोलात फुली असते. हे त्यांना आणि मला दोघांनाही जाणवलं. एका गटाने वाइंडिंगची तार घरून आणली होती. तुमचं वार्निशचं मी सांगितलं नाही, अर्ध्या तासाने त्यांनीच ब्लेड मागितलं.

लिंबाचा प्रयोग अजून राहिलाय. वद्य अष्टमीला आभाळ भरलेलं होतं. पुढच्या महिन्यात.

आता क बद्दल. मी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं की फळ्यावरचं वाक्य माझं होतं आणि चुकीचं होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ग्लास, ताटली आणि मेणबत्त्या घरी घेऊन गेली. चार दिवसांनी म्हणाली, "मॅडम, मला परत त्याच चौथीवर जायचंय. गुणांसाठी नाही." त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लगेच हो म्हटलं.

मी मागे बसले, पण वही नेली नव्हती. क ने वर्गासमोर त्या मुलीला उभं केलं आणि सांगितलं, "तू बरोबर पाहिलं होतंस. मी चुकले होते." मुलीने मान खाली घातली, मग वर बघून हसली. पुढे क ने उत्तर दिलंच नाही. विचारलं, पाणी विझल्यावर का चढत असेल, आणि ते कसं शोधायचं? मुलांनीच सांगितलं, दोन मेणबत्त्या लावू, ग्लास मोठा घेऊ, गार पाणी घेऊ. एकाने काठाचे बुडबुडे दाखवले. कढत पाण्याने विसळलेला ग्लास शेवटी क नेच ठेवला. पाणी चढल्यावर वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात आले.

तास संपता संपता त्याच मुलीने विचारलं, "बाई, एक उंच मेणबत्ती आन्‌ एक बुटकी, दोन्ही एकाच ग्लासात घातल्या तर आधी कोणती इझंल?"

क ने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मला माहीत नाही. शनिवारी करून बघू. तोपर्यंत प्रत्येकाने कोणती आणि का, ते लिहून आणायचं."

परत येताना एसटीत तिने मला विचारलं, मी सांगितलं नाही. काचेची मोठी बरणी तेवढी माझ्याकडे मागितली. लोणचं दुसऱ्या भांड्यात काढून बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातली आहे. उद्या शनिवार, सकाळची शाळा.